गाणी माझी, मग प्लेअर भाड्याचा काहून?

धंतोलीचा भोंगा (धागाकर्ता) · सोमवार, रात्री 9:12

कालची गोष्ट. वर्ध्याहून मामा आले होते, वय 78. त्यांना मल्लिकार्जुन मन्सूरांचा शिवमत भैरव ऐकायचा होता. सकाळीच ॲम्प चालू करून ठेवला, डॅकचा (डिजिटल फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या पेटीचा) दिवा हिरवा झाला, मामा सतरंजीवर मांडी घालून बसले. टॅबलेटवर प्लेअर, म्हणजे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर, उघडतो तर पाटी : परवाना तपासता येत नाही, इंटरनेट जोडा.

आमच्या गल्लीत सिमेंट रस्त्याचं खोदकाम चालू आहे. जेसीबीनं शुक्रवारीच फायबर तोडली. मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन पाहिला, पण प्लेअर ज्या छोट्या पेटीत बसवला आहे तिला वायफायच नाही, फक्त लॅनच्या वायरचं भोक. फाइल माझी. माझ्या सीडीवरून मीच काढलेली, माझ्याच हार्ड डिस्कवर, माझ्यापासून चार फुटांवर. आणि ती वाजवायची परवानगी येणार समुद्रापलीकडून!

शेवटी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि टीव्हीच्या मागे खुपसली. मन्सूरबुवा टीव्हीच्या स्पीकरमधून गायले. मामा म्हणाले, "काहून रे, आता गाण्यालेबी रिचार्ज मारा लागते का?"

स्ट्रीमिंगच्या वर्गणीबद्दल माझी तक्रार नाही. ते गाणी देतात, आपण पैसे देतो. इथे गाणी माझी आहेत, हे लोक नुसती किल्ली देतात, आणि तीही महिन्याच्या भाड्यानं. प्लेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आता बरेच जण याच वाटेनं चालले आहेत. तुम्ही काय करता?

---

इतवारीचा सौदा · रात्री 9:20

फुबार2000 हा प्लेअर वापरा. 2002 पासून आहे, कंप्युटरवर फुकट आहे, नेट मागत नाही. दिसायला सरकारी फॉर्मसारखा आहे, पण वाजवतो. धागा बंद करा राजेहो.

---

मिहानचा मजूर · रात्री 10:05

धागा बंद कशाला, आता तर सुरू झाला.

भोंगा काका, मामांसमोर फजिती झाली त्याचं वाईट वाटलं. नेट नसलं तरी महिनाभर चालेल एवढी सवलत प्लेअरनं द्यायलाच पाहिजे, त्यात मी तुमच्या बाजूनं. पण किल्लीचं भाडं घेणंच चूक, हे पटत नाही. मी सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, म्हणून आतली बाजू सांगतो.

एकदाच पैसे घेऊन विकलेलं सॉफ्टवेअर फक्त नवीन गिऱ्हाइकांवर जगतं. ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाचे शौकीन, मुळात मूठभर. ते एकदा घेऊन झाले की पुढे काय? दरवर्षी मॅकची नवी आवृत्ती येते आणि काहीतरी मोडतं. विंडोजचं अपडेट येतं, डॅकचा ड्रायव्हर रुसतो. स्ट्रीमिंगवाले त्यांची जोडणी बदलतात. हे सगळं दुरुस्त करणाऱ्याला पगार कुठून द्यायचा? मग कंपनी दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढते, कोणालाच नको असलेली चार बटणं लावते आणि अपग्रेडचे पैसे मागते. तीही वर्गणीच, फक्त हप्ता मोठा.

आणि खरं सांगू का? आपल्या ग्रुपमध्ये साठ हजाराचा डॅक घेणारे आहेत. पंधरा हजाराची केबल घेऊन "आवाज मोकळा झाला" म्हणणारे आहेत. ज्या कोडला रोज दोन तास हात लावता, त्याला महिन्याला हजार द्यायचे म्हटले की लगेच तत्त्व आठवतं.

---

धंतोलीचा भोंगा · रात्री 10:31

केबलचा टोमणा मला होता, पोचला. पण ती केबल उद्या सकाळी "परवाना तपासते" म्हणून अडून बसणार नाही. कंपनी बुडाली तरी माझ्या घरी चालत राहील.

पगाराचं मान्य. मग अपडेट बंद करा नं माझं! पैसे थांबले की जी आवृत्ती आहे ती तशीच गोठू द्या, पुढची मोडतोड माझी मी पाहीन. कोड लिहायचं सॉफ्टवेअर विकणारे जेटब्रेन्सवाले प्रोग्रामरांना असंच देतात नं? वर्षभर पैसे भरले की एक आवृत्ती कायमची तुमची. तुम्हीच मागे सांगितलं होतं. इथे उलटं आहे. पैसे थांबले की माझीच गाणी माझ्यासाठी कुलपात.

आणि लोक बोलले की फरक पडतो. 2021 मध्ये ऑडिरवाना या फ्रेंच प्लेअरनं स्टुडिओ नावाची आवृत्ती फक्त वर्गणीवर आणली. जुने गिऱ्हाईक भडकले. नंतर त्यांना ओरिजिन आणावी लागली : स्ट्रीमिंग नाही, फक्त स्वतःच्या फाइल वाजवा, पैसे एकदाच. मी मागून राहिलो ते एवढंच.

---

मिहानचा मजूर · रात्री 10:44

म्हणजे पर्याय आहे, तरी रडणं चालूच. रून नावाच्या वर्गणीवाल्या प्लेअरमध्येसुद्धा आजीवन परवाना मिळतो की, 829.99 डॉलर भरा आणि मोकळे व्हा.

---

धंतोलीचा भोंगा · रात्री 10:52

आजीवन म्हणजे कोणाचं जीवन? माझं की कंपनीचं? नोव्हेंबर 2023 मध्ये हरमन या ऑडिओ कंपनीनं रून विकत घेतलं, आणि हरमन 2017 पासून सॅमसंगचं. उद्या मोठ्या मालकाला हा विभाग जड वाटला तर माझ्या आजीवनाचं काय? आणि सप्टेंबर 2022 मध्ये रून 2.0 आलं तेव्हा नेट सतत लागेल म्हणाले होते. पूर्ण पैसे भरलेले आजीवनवालेही तेव्हा बोंबललेच नं? फायबर तोडणाऱ्या जेसीबीला आजीवन आणि मासिक यातला फरक कळत नाही.

---

शहाण्णव डेसिबल · रात्री 11:15

तुम्ही दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडून राहिले.

पहिले हे सांगा, पैसे कशाचे देता? आवाजाचे? आवाज सगळ्यांचा सारखा आहे. सीडी म्हणजे 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. प्लेअरचं काम फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत पोचवणं. विंडोजचा मिक्सर मध्ये येऊन बहुतेक वेळा सगळ्याचं 48 किलोहर्ट्झ करतो, तेवढा टाळायचा. त्यासाठी विंडोजमध्येच वासापी एक्सक्लुसिव्ह नावाची वाट आहे, फुबारमध्येही मिळते. एकदा बिट न बदलता पोचले की फुकटचा प्लेअर आणि डॉलरवाला प्लेअर यात आवाजाचा फरक राहत नाही. "पडदा उठल्यासारखं वाटतं" म्हणणाऱ्यांनी डोळे बांधून ओळखून दाखवावं. सावजी मी खाऊ घालतो.

दुसरं, 16 बिटमध्येच सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात 96 डेसिबलचा पल्ला आहे. आपण राहतो कुठे? नागपुरात. मे महिन्यात 45 अंश, खिडकीत डेझर्ट कूलर धडधडतो, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टपटपतं. तानपुऱ्याच्या वर तो कूलरच षड्ज लावून बसतो. त्यात सीडीहून बारीक 24 बिट, 192 किलोहर्ट्झ ऐकणाऱ्याला माझा दंडवत.

---

इतवारीचा सौदा · रात्री 11:18

आमचा कूलर काळी दोनमध्ये आहे. पंप बिघडला की काळी तीन.

---

सदरची शुद्धकल्याण · मंगळवार, सकाळी 7:40

रात्रीच वाचलं होतं, उत्तर आत्ता लिहिते.

डेसिबल दादा, तुमचं बरोबर आहे, आवाजात फरक नाही. मी दोन वर्षं पैशाचा प्लेअर वापरते आणि आवाजासाठी एक रुपयाही देत नाही. मी देते ते वाचायला मिळतं म्हणून. पूर्वी एलपीचं कव्हर मांडीवर घेऊन बसायचो, मागचं सगळं वाचायचो, तबला कोणाचा, पेटी कोणाची. संगणकावर गाणी आली आणि ते सगळं गेलं, उरली फाइलची यादी. या प्लेअरमध्ये एक दिवस किशोरीताई ऐकत होते, तबलजींच्या नावावर बोट लागलं, तर माझ्याच संग्रहातल्या आणखी पाच ध्वनिमुद्रिका समोर आल्या, पाच वेगळ्या गवयांच्या. त्या वीस वर्षं माझ्याकडे आहेत! मला पत्ता नव्हता. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला.

माझी आई 74 वर्षांची आहे. तिला फोल्डर समजत नाहीत, पण टॅबलेटवर कुमारजींचा फोटो दिसला की बोट ठेवते. फुबार तिच्या हाती दिलं तर ती रेडिओ लावेल. वर्षाचे बारा-तेरा हजार मला जड जातात, खोटं कशाला बोलू, पण मी ते डोळे उघडे ठेवून देते. त्यामुळे "फसवतात" हा सूर मला आवडला नाही.

---

शहाण्णव डेसिबल · सकाळी 8:10

ताई, एक विचारू? ती साथीदारांची नावं, राग, ताल प्लेअरनं आपोआप दिले की तुम्ही भरले?

---

सदरची शुद्धकल्याण · सकाळी 8:26

पाश्चात्त्य संगीताचे आणि मोठ्या नावांचे आपोआप आले. आपल्या शास्त्रीयचे बहुतेक मी भरले. एकच मन्सूर चार स्पेलिंगांनी चार माणसं झाले होते, ते एक केले. "ट्रॅक 01" होतं तिथे राग लिहिले. दोन पावसाळे गेले त्यात.

---

शहाण्णव डेसिबल · सकाळी 8:33

आणि ते कुठे लिहिलंय? फाइलमध्ये की प्लेअरच्या डेटाबेसमध्ये?

---

सदरची शुद्धकल्याण · सकाळी 9:02

आत्ता एक फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून पाहिली. "ट्रॅक 01" दिसलं.

---

धंतोलीचा भोंगा · सकाळी 9:20

ताई, मला हेच नीट सांगता येत नव्हतं. हजार रुपये एक वेळ जाऊ द्या. तुमचे दोन पावसाळे त्यांच्या डेटाबेसात बसले. वर्गणी सोडायची म्हटली की ते सोडावे लागतात, आणि ते कोणाच्यानं सोडवत नाहीत. मग दर वाढवले तरी तुम्ही भरत राहणार.

---

सिव्हिल लाइन्स एफडी · सकाळी 11:40

बँकेतला अनुभव म्हणून थोडं. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरची दर महिन्याची आपोआप कपात करायला 24 तास आधी कळवावं लागतं, आणि नोंदणीच्या वेळी ओटीपी लागतो. परदेशातल्या बऱ्याच छोट्या दुकानांनी ही सोय केलीच नाही. गिऱ्हाइकाची भरायची इच्छा असते, खात्यात पैसे असतात, तरी वर्गणी नाकारली जाते. वर बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. वर्षाचं एकदम भरा, बारा वेळा अडकण्यापेक्षा एकदाच अडकाल.

---

मिहानचा मजूर · दुपारी 1:15

डेटाबेसच्या मुद्द्यावर मी हरलो, लिहून देतो. वर्गणी घेणाऱ्यानं गिऱ्हाइकाची मेहनत बाहेर न्यायची सोय ठेवली नाही, तर तो धंदा नाही, ओलीस ठेवणं आहे. पण वर्गणी मी भरतच राहणार. कोड लिहिणारा माणूस मला ओळखीचा वाटतो.

ताई, आधी तुमच्या प्लेअरमध्ये एक्सपोर्ट शोधा. काहींमध्ये निदान यादी एक्सेलमध्ये निघते. मग ती फाइलींत लिहायची. फ्लॅक (आवाज न घटवता साठवलेली गाण्याची फाइल) असेल तर तिच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलमधल्याच माहितीत, हवा तो खाना बनवता येतो. खान्याचं नाव रोमन अक्षरांत लागतं, पण आतला मजकूर देवनागरीत चालतो. राग, ताल, साथ, मैफलीचं गाव, काहीही. एमपी3टॅग नावाचं सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे. नावावर जाऊ नका, फ्लॅकही करतं. आधी सगळ्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा. आधी म्हणजे आधी.

---

सदरची शुद्धकल्याण · दुपारी 2:05

यादी निघते आहे, 1,140 अल्बमची. राग आला, साथ आली, ताल नाही आला. ताल पुन्हा भरावे लागणार.

आई विचारते आहे, टॅबलेट बंद होणार का. तिला म्हटलं, नाही. प्लेअर चालूच ठेवते आहे, भोंगा काकांनी राग मानू नये.

मजूर दादा, एक अडलं. काही ठुमऱ्यांवर "मिश्र खमाज" आहे, काहींवर नुसतं "खमाज". दोन वेगळे ठेवू की एका खान्यात?

---

धंतोलीचा भोंगा · दुपारी 2:30

वेगळे ठेवा. मामांना फोन करून विचारलं, ते खवळलेच : "मिश्रले मिश्रच म्हणा!"