एस्केप कॅरॅक्टरला मराठीत काय म्हणावं?

बांधावरचा मास्तर:
गावातल्या पोराईसाठी पायथनच्या (प्रोग्राम लिहायची भाषा) नोट्स मराठीत काढून राह्यलो. छापायचं होतं, बाबा म्हणे "पाऊस येते". स्ट्रिंग, म्हणजे छापायचा मजकूर, डबल कोटानंच सुरू केली त 'म्हणे'च्या पुढच्या कोटावरच संपली ना ती, एरर. आतल्या दोन्ही कोटाईच्या आधी \ (बॅकस्लॅश, हेच ते एस्केप कॅरॅक्टर) दिला की बराबर छापते. हे समजलं पोराईले, पण मी वर 'सुटका चिन्ह' लिहिलं होतं त एक पोरगी म्हणते, सर सुटका कोणाची झाली, कोट त तिथंच आहे. मले काही सांगता नाई आलं. दुसरा शब्द आहे का?

शब्दवेडा:
एस्केपचं मूळ लॅटिन. एक्स म्हणजे बाहेर, कॅप्पा म्हणजे अंगावरचा झगा. झगा पकडणाऱ्याच्या हातात सोडून पळायचं. कोट आपलं खास काम टाकून निसटतो, म्हणून 'निसटचिन्ह'. आणि बॅकस्लॅश कशाला, 'उलटी तिरपी रेघ' म्हणा की.

डवरेवाला:
एवढं म्हणेपर्यंत पोरगं दोन प्रोग्राम लिहून टाकते बाप्पा. 'मुस्कं' म्हणा. डवरताना बैलाच्या तोंडाले बांधतो ना, बैल बैलच राह्यते, तासात चालते, फक्त पऱ्हाटीले तोंड नाई लावत. तसाच कोट, दिसते पण स्ट्रिंग खात नाई.

यवतमाळकर, सध्या पुणे:
भारी भाऊ, पण 'एन'चं काय? बिचारं साधं अक्षर, आधी \ लागला की नवी ओळ. 'टी'ले लागला की टॅब. हे मुस्कं नाई, हे त अंगात येणं झालं. मी फाइलचा पत्ता टाकला होता, त्यात \ च्या पुढं फोल्डरचं नाव एनपासून, अर्धा दिवस फाइल सापडेना. \\ केलं तवा सापडली.

शब्दवेडा:
मग 'पायमोड'? क चा पाय मोडला की त्यातला अ जातो.

जुना प्रोग्रामर:
ही रेघ बॉब बेमरनं १९६१ मधे अॅस्कीत (कॉम्प्युटरच्या अक्षर-चिन्हांच्या यादीत) आणली, / आणि \ जोडून अल्गोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची ∧ (आणि) ∨ (किंवा) चिन्हं बनावी म्हणून. तेव्हा ना सुटका होती ना मुस्कं. एस्केपच ठेवा, एरर इंग्रजीतच येणार आहे.

धुऱ्यावरून:
मुस्कं वखरतानाही बांधतात बरं.

डवरेवाला:
वखरताना वावरात पीकच नाई त बैल खाईन काय, ढेकलं?

धुऱ्यावरून:
शेजाऱ्याची तूर खाते ना धुऱ्यावरची! भांडण कोण निस्तरते मग?

बांधावरचा मास्तर:
अरे पण उद्या त्या पोरीले काय सांगू?

डवरेवाला:
सर, मुस्कंच घेऊन जा वर्गात. गोठ्यात एक आहे नायलॉनचं. सुतळीचं होतं, ते उंदरानं कुरतडलं.