बैल काढला, आता म्हणते करारच नाही!

प्रश्न: पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याचा बैल विहिरीत पडला. तो गेला होता बाजाराले. मी न सांगता चार पोरं घेऊन, दोर बांधून बैल काढला. तळहाताची सालं निघाली. संध्याकाळी पोरांसमोर तोच म्हणला, "पाच हजार देतो." आता म्हणते, "मोबदला आधी ठरला नव्हता." खरं हाय का?

उत्तर: भाऊ, भारतीय करार कायदा, 1872 पाहा. कलम 25 नुसार मोबदल्याविना करार रद्दबातल, पण त्यालेच अपवाद आहेत. कोणी आपलं काम आधीच स्वखुशीनं केलं अन् मग आपण त्याची भरपाई द्यायचं वचन दिलं, तर ते बंधनकारक. कागदही लागत नाही.

दुसरं उत्तर: पण साक्षीदार लागतील ना! पोरं बोलतील?

प्रश्नकर्ता: दोघं त्याचेच भाचे हायेत, राजेहो.