'त्रास', 'घालमेल' की 'कसंतरी होतंय'?

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांच्या मनाचा अंदाज घ्यायला थर्मामीटरच्या चित्राची ० ते १० अशी पट्टी वापरतात, 'डिस्ट्रेस थर्मामीटर'. तिचं मराठी करताना मी पहिल्याच शब्दाला अडले आहे. 'मानसिक आजार' म्हटलं की माणसं मिटतात, म्हणून इंग्रजीतही हा सौम्य शब्द मुद्दाम घेतलेला आहे.

'त्रास' सगळ्यांना कळतो, पण घोटाळा तोच करतो. माझ्या भाच्याला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा तो ८ वर्षांचा होता. मिरजेला वॉर्डात कुणी "त्रास होतोय का रे बाळा?" विचारलं की तो सलाईनचा हात पुढे करायचा. रात्री मात्र आईला म्हणायचा, "मला कसंतरी होतंय." ताप नाही, उलटी नाही. वर्गातलं कुणी भेटायला येत नाही, ते सगळं त्या 'कसंतरी'त होतं.

'मनस्ताप' कुणीतरी दिलेला असतो. 'नैराश्य' हे तर निदानच झालं. 'घालमेल' चालेल का? आणि 'स्क्रीनिंग'ला, म्हणजे सगळ्या मुलांना ही पट्टी दाखवून कुणाला मदत हवी ते हेरण्याला, काय म्हणावं?

प्रतिसाद, सांगली : ताई, घालमेल झालेलं मूल या कुशीवरून त्या कुशीवर होतं. भिंतीकडे तोंड करून गप पडलेलं, हिरमुसलेलं पोर त्या शब्दात येत नाही. स्टेरॉइडच्या दिवसांत तर सकाळी चिडचिड, संध्याकाळी घुमेपणा. स्क्रीनिंगला 'चाळणी' नको, चाळणी परीक्षेत कुणीतरी गळतं. 'तपासणी' म्हटलं की पोरांना सुई दिसते. 'विचारपूस' म्हणा.

प्रतिसाद, इस्लामपूर : विचारपूस आपण आठवण झाली की करतो. इथं प्रत्येक मुलाची, ठरल्या दिवशी व्हायला हवी. म्हणून 'नियमित विचारपूस'.

थर्मामीटरचं चित्रही मला खटकतं. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला की लगेच ॲडमिट, हे त्या मुलांना पाठ असतं. सांगलीत कृष्णेचा पूर मोजतात ती आयर्विन पुलाची पातळी काढली तर? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. मोठ्यांच्या पट्टीवर ४ किंवा त्याच्या पुढं आकडा आला की नीट चौकशी करतात, तो आकडा म्हणजे इशारा पातळीच.

प्रतिसाद, सांगली : 'इशारा पातळी' पालकांच्या कागदावर जरूर लिहा. मुलांपुढं पुराचं चित्र नको. २०१९ ला आमच्या गल्लीतली पोरं होडीतून बाहेर काढली होती.

मूळ लेखिका : पटलं. चित्र साध्या शिडीचं घेते. पालकांसाठी 'मनाची अवस्था : नियमित विचारपूस'. मुलासाठी एवढंच : "आज मनात किती कसंतरी होतंय? पायरीवर बोट ठेव."