नोंदणीच्या अर्जातील ‘स्क्रिप्ट एरर’

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सध्या माझा मुक्काम दादरला आहे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची नोंदणी इथूनच करून ठेवावी म्हणून मंडळाच्या संकेतस्थळावरचा अर्ज उघडला, माणसांची संख्या लिहून ‘पुढे’ हे बटण दाबले, तर ‘स्क्रिप्ट एरर’ एवढेच दोन शब्द आले. ब्राउझर बदलला, कॅश पुसली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. काही उपयोग झाला नाही. भाच्याच्या मोबाइलवर मात्र तोच अर्ज बिनतक्रार पुढे सरकतो.

---

काकू, नमस्कार.

काल पार्ल्याहून आपल्याकडे येऊन जे पाहिले, ते संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांच्या माहितीसाठी इथे लिहितो. पानावर चालणारी जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या संगणकभाषेतला कार्यक्रम) दुसऱ्या डोमेनवरून, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरून, आलेली असली, तर सुरक्षिततेसाठी ब्राउझर तिच्या चुकीचा तपशील पानाला कळू देत नाही; म्हणून त्या दोन शब्दांवर डोके खाजवण्यात अर्थ नसतो. एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघडला, तेव्हा लाल अक्षरांत ‘रेंजएरर : इनव्हॅलिड ॲरे लेंग्थ’ असे स्पष्ट दिसले, म्हणजे यादीची लांबी चुकीची आहे.

अर्जात जितकी माणसे, तितक्या नावांच्या ओळी स्क्रिप्ट तयार करते. काकूंचा कळफलक मराठीवर होता आणि त्यांनी चौकटीत ‘४’ लिहिले होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि चाराचा २४१०. इंग्रजी चाराचा ५२. आपल्याला दोन्ही चारच, पण लिहिलेल्या अंकांची संख्या करणारे जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ आणि ‘पार्सइंट’ फक्त इंग्रजी अंक ओळखतात आणि देवनागरी अंक दिल्यास ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’, असे उत्तर देतात. तेवढ्या लांबीची यादी करायला सांगितल्यावर स्क्रिप्ट तिथेच कोसळते. (पायथॉनला तेच ‘४’ दिले, तर ती भाषा निमूटपणे चार समजते. मराठी मंडळाच्या अर्जाला मराठी अंक कळू नयेत, याचे मात्र मला हसूही आले आणि वाईटही वाटले.) भाच्याच्या मोबाइलवर इंग्रजी कळफलक होता, एवढाच काय तो फरक.

दुरुस्ती फार मोठी नाही. संख्येत रूपांतर करण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की हवा तो अंक मिळतो. ते होईपर्यंत सभासदांनी आकडे इंग्रजीत लिहावेत.

---

आभारी आहे. इंग्रजी ‘4’ लिहिल्याबरोबर नावांच्या चार ओळी उघडल्या आणि नोंदणी झाली. मात्र दूरध्वनी क्रमांक सवयीने मराठी अंकांत लिहिला, तेव्हा ‘क्रमांक अवैध आहे’ असा शेरा आला; त्याही चौकटीचे तेवढे पाहावे.

---

काकू, कारण तेच आहे. क्रमांक तपासणाऱ्या सूत्रातले ‘बॅकस्लॅश डी’ हे चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये केवळ इंग्रजी शून्य ते नऊ जुळवते. अंक आधी बदलून मगच तपासावेत, असे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना कळवले आहे.