मॅगझिन भरलेला क्रॉसबो सगळ्यांच्या रांगेत नको

शरसंधान:
रिपीटिंग क्रॉसबोची (दांड्यावर आडवं बसवलेलं, एकामागून एक बाण मारणारं धनुष्य) हौस असणाऱ्यांना हे रुचणार नाही, तरी मांडतो. धनुर्विद्येच्या सामायिक रेंजवर मॅगझिन, म्हणजे बाण रचून ठेवायची पेटी, भरून मारू देऊ नये. एका वेळी एकच बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, घालावा.

रेंजची सगळी शिस्त शिट्टीवर चालते. दोन शिट्ट्यांना रांगेवर यायचं, एका शिट्टीला मारायला सुरुवात, तीन शिट्ट्यांना बाण काढायला जायचं. साध्या धनुष्याला बाण लावलेला नाही हे शेजाऱ्याला लांबूनही दिसतं. मॅगझिनमध्ये दोन बोल्ट उरलेत का, दोरी ताणलेली आहे का, हे त्याला दिसत नाही. आणि तो मात्र पुढे चालत गेलेला असतो.

चिनी चू-को-नूच्या (जुना, लिव्हरने चालणारा रिपीटिंग क्रॉसबो) लाकडी प्रतिकृती तर नकोतच. त्यांना चापच नाही. लिव्हर पुढे ढकलली की मॅगझिन पुढे सरकतं आणि दोरी त्याच्या मागच्या खाचेत बसते. मागे ओढली की दोरी ताणली जाते, बोल्ट खोबणीत पडतो, आणि ओढ संपतानाच खाचेखालची खुंटी दांड्यावर टेकून दोरीला वर उचलते. बाण सुटतो. अर्ध्या ओढीत शिट्टी झाली तर माणूस सगळा ताण हातात धरून उभा राहतो.

खोबण:
दोन वेगळ्या यंत्रांना एकाच माळेत ओवताय. चू-को-नूबद्दल सहमत. १६३७ च्या चिनी तंत्रग्रंथातही त्याची मजल जेमतेम वीसेक पावलं दिली आहे. ते कमरेला टेकवून मारायचं हत्यार; लिव्हर हलली की तोंड डोलतं, नेम धरता येत नाही.

पण आजच्या चापवाल्या मॉडेलमध्ये लिव्हर फक्त ताणते, सोडायचं काम चाप करतो. एकेक बोल्ट घालण्याचा तुमचा उपाय उलटा पडेल. एकबारी क्रॉसबोत दर वेळी ताणलेल्या दोरीपुढे बोटं न्यावी लागतात. मॅगझिन असलं की तिथे हात जातच नाही.

अशा मॉडेलचा ताण १३० पौंड ऐकून लोक दचकतात. साठलेली ऊर्जा ढोबळमानाने ताण गुणिले ओढ भागिले दोन. १३० पौंड म्हणजे ५७८ न्यूटन. ओढ १५ सेंटिमीटर धरली तर ४३ ज्यूल. ४० पौंडांचं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य) ५० सेंटिमीटर ओढलं तरी हिशेब जवळपास तोच येतो. त्याला रांगेत जागा आहे ना?

ताणलेली दोरी:
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. बोल्ट आखूड असतो. लक्ष्याच्या फोममध्ये पुरता शिरला तर ओढायला शेपूटच उरत नाही, आणि ठोकून ठोकून मऊ झालेल्या मधल्या भागातून तो आरपार जातो. फोमचा ब्लॉक फिरवत राहा आणि मागे सैल टांगलेली जाळी लावा; ताठ जाळी बोल्ट परत उडवते.

"हात जातच नाही" हे बोल्ट अडकेपर्यंत खरं. क्रॉसबो कुशीवर कलला की बोल्ट पुरता खाली पडत नाही. वाकलेला बोल्ट मॅगझिनच्या भिंतीला घासतो. अशा वेळी माणूस पहिलं काय करतो? बोट आत घालतो. नेमकं तिथेच अंगठ्याचं नख जातं.

अडकल्यावर तोंड लक्ष्याकडेच ठेवा, सेफ्टी लागल्याची खात्री करा, बोट चापावरून काढा. मग वरून उरलेले बोल्ट काढून घ्या आणि अडकलेला लाकडी काडीने सोडवा. ताण उतरवायचा तर चांगला बोल्ट लक्ष्यात मारून. लिव्हर धरून दोरी सैल करायची सोय पुस्तिकेत दिली नसेल तर तो प्रयोग नको. रिकामा बार तर कधीच नको: बोल्ट नसला की दोरीचा सगळा झटका धनुष्याच्या पात्यांना (दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भुजांना) बसतो. पाती तडकतात, दोरी तुटते. म्हणून सुटलेले बोल्ट मनात मोजा.

लंडनकर:
ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी: १९८७ च्या क्रॉसबो कायद्यानुसार १.४ किलो आणि त्यावरच्या ताणाचा क्रॉसबो १८ वर्षांखालच्यांना विकता येत नाही. त्यांच्या हातात द्यायचा तर २१ वर्षांवरचं कोणी देखरेखीला हवं. भारतात बाहेरून मागवणार असाल तर आधी कस्टम्सकडे आणि पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. पार्सल अडकल्यावर नव्हे.

शरसंधान:
अडकण्याचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. नवशिक्या गोंधळतो तो अडकल्यावरच, आणि तेव्हा वर चार बोल्ट रचलेले असतात.

खोबण:
मग संख्या बांधा, मॅगझिनवर बंदी कशाला? एका फेरीत तीन बाण असतील तर तीनच बोल्ट भरायचे. तिसरा सुटला की मॅगझिन उघडं ठेवून क्रॉसबो स्टँडवर, तोंड लक्ष्याकडे. उघडं झाकण शेजाऱ्यालाही दिसतं. तीन शिट्ट्या द्यायच्या आधी मार्शलने तेच बघावं.

देखभालीचं कोणी बोललं नाही. दोरीला मेण चोळताना मधला वेढा (मधोमध गुंडाळलेला जादा दोरा) सोडायचा. तो रेलवर, म्हणजे बोल्ट ज्यावरून सरकतो त्या पट्टीवर, घासतो, तिथे रेलचं वंगण, तेही थेंबभर. एक जरी धागा तुटून वर आला असेल तर दोरी बदला. कार्बन बोल्ट कानाशी धरून हलकेच वाकवा. करकर आवाज आला तर मोडीत.

ताणलेली दोरी:
उघड्या झाकणाचा नियम मान्य. पण चू-को-नूला झाकण उघडून काही सिद्ध होत नाही, सेफ्टीही नाही. त्याला वेगळी वेळ, रांगेत एकटाच माणूस, लक्ष्य दहा मीटरवर, आणि डोळ्यांना गॉगल सक्तीचा. पिसं नसलेला बोल्ट आडवा आदळून कुठेही उडतो.