मदत हवी आहे : ६१ वर्षांच्या आईला खीरगंगेला न्यायचं आहे

नमस्कार मंडळी,

आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, राजवाडीजवळ. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांना आमच्याकडे उन्हाळे म्हणतात. लहानपणी थंडीत पहाटे आजीबरोबर उन्हाळ्यावर आंघोळीला जायची, ते ती अजून सांगते. काठाचा दगड पायाला कोमट लागायचा, आणि आजीची चांदीची जोडवी त्या पाण्याने काळी पडायची, मग घरी येऊन राखेने घासायची. हल्ली कुणीतरी तिला हिमाचलमधल्या खीरगंगेचे फोटो दाखवले, देवदाराच्या जंगलावर वाफाळणारं कुंड आणि समोर बर्फ. तेव्हापासून एकच धोशा, "मला तिथे एकदा आंघोळ करायची आहे."

मी जेवढी माहिती काढली ती अशी. भुंतरहून कसोल, मणिकरण करत बरशैणीपर्यंत गाडी जाते. पुढे एका बाजूचे साधारण १२ किलोमीटर पायी. एक वाट नकथान गाव आणि रुद्रनागवरून, दुसरी कलग्यावरून जंगलातून. कुंड तीन हजार मीटरच्या जवळपास आहे.

आईचं वय ६१. बीपीची गोळी चालू आहे. रोज पाऊण तास चालते, पण जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. त्यामुळे एका दिवसात वर जाऊन परत येणं तिला जमणार नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. २०१८ साली कोर्टाच्या आदेशानंतर वरचे तंबू हटवले होते. सध्या वर रात्री राहता येतं का? नकथानची वाट आणि कलग्याची वाट यांत गुडघ्याला कोणती बरी? सामान वाहायला माणूस मिळतो का? बायकांचं कुंड खरंच आडोशाचं आहे ना? आई साडी नेसूनच पाण्यात उतरते, म्हणून विचारते.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा डोक्यात आहे. "नेऊ नका" असं वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा, मी आईला समजावेन.

प्रतिसाद :

ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, तेव्हाच्या अनुभवावरून लिहितो. नकथानची वाट धरा. कलग्याच्या वाटेवर मुळं आणि ओली माती फार, त्यात पाय घसरतो. पहिल्या दिवशी फक्त नकथानपर्यंत जा आणि तिथे घरगुती मुक्काम करा. चाल दोन दिवसांत वाटली जाते. रुद्रनागनंतर पूल ओलांडला की खरा चढ लागतो. तिथे आईंचा रंग बघा. दम लागला तर तिथूनच मागे फिरा, कारण गुडघा दुखतो तो उतरताना आणि चढलेलं सगळं परतताना उतरावं लागतं. दोन काठ्या हव्यातच.

बायकांचं कुंड भिंतीआड आहे. साबण लावायला मनाई आहे, आधी बाहेरच्या धारेखाली अंग धुऊन मग उतरायचं. बीपीसाठी महत्त्वाचं : गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, एकदम उठलं की चक्कर येते. पाच-सात मिनिटं बसून बाहेर या, काठावर टेका, पाणी प्या, लगेच कोरडे कपडे घाला. जायच्या आधी डॉक्टरांना उंचीचं नक्की सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका. वर राहायला मिळेल की नाही, ते बरशैणीत पोचल्यावर विचारूनच ठरवा. नियम बदलत असतात.

नाहीच जमलं तर मनालीजवळ वशिष्ठला न्या. गाडी गावापर्यंत जाते, गरम पाणी देवळालगतच आहे आणि बायकांचं कुंड वेगळं आहे.

धागाकर्ती :

मनापासून आभार दादा. आईला सगळं वाचून दाखवलं. नकथानचा मुक्काम तिला पटला. वशिष्ठचं ऐकून म्हणाली, "ते परतीच्या वाटेवर करू." उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते काय म्हणतात ते इथेच लिहीन. सामान वाहणाऱ्या माणसाबद्दल कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.