मदत हवी आहे: तब्येत 'फेअर' म्हणजे नेमकी कशी?

एका आरोग्य-पाहणीची प्रश्नावली मराठीत आणतेय आणि एकाच विशेषणापाशी दोन दिवस अडकले आहे. प्रश्न साधा आहे, 'एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?' पर्याय पाच: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. उत्तम, खूप चांगली, चांगली, वाईट हे जमलं. घोडं अडलंय फेअरवर.

आधीच्या मसुद्यात 'योग्य' होतं, पण 'माझी तब्येत योग्य आहे' असं कुणी म्हणत नाही. शब्दकोशात न्याय्य, गोरा, स्वच्छ असे अर्थ मिळतात. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सुंदर' अशा अर्थाचा होता, बाकीचे अर्थ हळूहळू फुटत गेले. (जत्रेचा फेअर निराळा, तो लॅटिनमधून आला.) इथे मात्र तो गुडच्या खालचा आहे: वाईट नाही, पण चांगलीही म्हणवत नाही.

मला आधी 'बरी' सुचलं. पण 'आता बरी आहे' म्हणजे दुखणं गेलं! आणि तेच 'बरी आहे' आवाज खाली आणून म्हटलं की काहीतरी कुरकुर आहे हे समोरच्याला कळतं. कागदावर तो आवाज कुठून आणू? 'बऱ्यापैकी' वर झुकतं, 'यथातथा' आणि 'बेताची' फारच खाली. 'मध्यम' बांध्याला शोभतं, तब्येतीला नाही. उत्तरं देणारे बरेचसे वयस्कर आहेत, म्हणून बोलण्यातलाच शब्द हवाय.

प्रतिसाद:
'साधारण' लिहा. पाचही पर्याय एकाखाली एक असले की माणूस क्रमावरून अर्थ लावतो.

प्रतिसाद:
क्रमावर विसंबू नका, फोनवर विचारलं तर शेवटचे दोनच लक्षात राहतात. मी 'ठीकठाक' म्हणेन. एकेका शब्दाची चिठ्ठी करा, चार-पाच जणांना चांगल्यापासून वाईटापर्यंत लावायला सांगा. आपण सांगायचं काही नाही, नुसतं बघायचं.

धागाकर्ती:
चिठ्ठ्यांची युक्ती फार कामाला आली, मनापासून आभार. पाच जणांना बसवलं. 'बरी' दोघांनी थेट 'चांगली'च्या वर ठेवलं, म्हणजे ते बाद. 'साधारण' सगळ्यांनी 'वाईट'च्या लगेच वर लावलं आणि मी निश्चिंत झाले. तेवढ्यात एक आजी चिठ्ठी हातात धरून म्हणाल्या, "साधारण म्हणजे नेहमीसारखी ना गं?" नेहमीची तब्येत ठणठणीत असेल तर? 'ठीकठाक'बद्दल कुणाला अशीच काही शंका येतेय का?